विश्वास एका चॅनेलवर, रिमोट दुसऱ्याच चॅनेलवर: लोक सर्वेक्षणात खोटं बोलतात का?

प्रश्न थोडक्यात असा: सार्वजनिक पैशावर चालणारी वाहिनी जास्त विश्वासार्ह आणि दर्जेदार आहे, असं अनेक देशांत लोक सर्वेक्षणात सांगतात. घरी मात्र संध्याकाळभर खासगी वाहिन्या लावतात, आणि सार्वजनिक वाहिनीसाठी घराघरातून घेतल्या जाणाऱ्या फीचा (लायसन्स फीचा) विषय निघाला की कपाळाला आठ्या घालतात. मग लोक सर्वेक्षणात खोटं बोलतात, की आपल्याला काय हवंय हे त्यांनाच कळत नाही?

मी बरीच वर्षं प्रेक्षक-संशोधनात आहे आणि दोन्ही प्रकारच्या वाहिन्यांसाठी प्रश्नावल्या लिहिल्या आहेत. दोन्ही आरोप मला पटत नाहीत. पाहणं, मानणं आणि पैसे देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगवेगळ्या प्रश्नांनी मोजल्या जातात आणि मग एकाच मथळ्याखाली छापल्या जातात. विरोधाभास बराचसा तिथेच तयार होतो.

आधी पाहण्याचं बघू. विश्वासाचा प्रश्न जवळजवळ नेहमी बातम्यांबद्दल विचारलेला असतो. पाहण्याचे तास मात्र मालिका, खेळ, गाण्यांच्या स्पर्धा आणि रिअ‍ॅलिटी शोंनी भरलेले असतात. दिवसभर राबून घरी आलेला माणूस गंमत म्हणून काहीतरी लावतो, तेव्हा तो कुठल्या वाहिनीवर विश्वास ठेवावा याचा कौल देत नसतो. शिवाय लोक थोडं चढवूनही सांगतात. गटचर्चेत ‘तुम्ही काय पाहता?’ असं विचारलं की पहिली काही मिनिटं सगळे माहितीपट पाहणारे निघतात. मग एखादी बाई हसत हसत कबूल करते की ती रोज अमुक मालिका बघते, आणि पाचच मिनिटांत अख्ख्या खोलीला त्या मालिकेतली सासू तोंडपाठ असल्याचं उघड होतं. याला मी खोटं म्हणणार नाही. चारचौघांत माणूस जरा इस्त्री करून बोलतो. म्हणूनच काय पाहता हे विचारून ठरवायचं नसतं, ते मीटरने, म्हणजे टीव्हीवर काय चालू आहे हे नोंदवणाऱ्या यंत्राने, मोजायचं असतं. आणि कशाला मानता हे मीटर सांगू शकत नाही, ते विचारावंच लागतं.

दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, याचं सगळ्यात ठळक उदाहरण जपानचं आहे. 1 जानेवारी 2024 रोजी नोटो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला. एनएचके या सार्वजनिक वाहिनीची निवेदिका नेहमीचा शांत स्वर सोडून, जवळजवळ ओरडून, ‘ताबडतोब पळा’ असं सांगत होती. ती घाबरलेली नव्हती. 2011च्या त्सुनामीनंतर एनएचकेने इशारे देण्याची पद्धत मुद्दाम बदलली होती, कारण शांत आवाजात दिलेला इशारा लोक गंभीरपणे घेत नाहीत. जमीन हलली की एनएचके लावायचं, ही तिथल्या लोकांची सवयच आहे. पण याच देशात 2019 साली ‘एनएचकेपासून जनतेचं रक्षण करणारा पक्ष’ अशा अर्थाच्या नावाचा पक्ष वरिष्ठ सभागृहाची एक जागा जिंकून गेला. त्याचा संस्थापक एनएचकेचाच माजी कर्मचारी होता. त्यांचा मुख्य राग बातम्यांवर नव्हता. तो दारावर येऊन फी मागणाऱ्या माणसांवर होता. घरात टीव्ही असेल तर एनएचकेशी करार करायलाच हवा असा कायदा आहे, आणि 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैधही ठरवला. फी न भरणाऱ्याला फौजदारी शिक्षा मात्र नाही. म्हणजे दार वाजायचं, वाद व्हायचा, आणि तो वाद पुन्हा होऊ शकायचा. एवढं झाल्यावर त्या संस्थेबद्दल मनात गोडवा राहणं कठीणच.

माझ्या मते सगळ्याचं मूळ इथे आहे. सार्वजनिक वाहिनीला आपण देतो तो पैसा दिसतो, खासगी वाहिनीला देतो तो दिसत नाही. लोकांची मतं कार्यक्रमांच्या दर्जावर जेवढी ठरतात, त्याहून जास्त ती पैसा कसा दिसतो यावर ठरतात. खासगी वाहिनी ‘फुकट’ वाटते. जाहिरातीचा खर्च साबणाच्या आणि गाडीच्या किमतीत मुरलेला असतो, पण दुकानातल्या बिलावर वाहिनीच्या नावाची वेगळी ओळ छापलेली नसते. लायसन्स फीचं बिल मात्र नावानिशी घरी येतं. मी फीच्या बाजूने वकिली करतोय असं समजू नका. फी गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखीच बसते, आणि हा तिच्यावरचा आक्षेप मला खरा वाटतो.

पैसा दिसतो म्हटल्यावर हिशेबही मागितला जातो. बीबीसीच्या 2017च्या सनदेत, म्हणजे तिचं काम आणि नियम ठरवणाऱ्या दस्तऐवजात, सरकारने अट घातली: वर्षाला दीड लाख पौंडांहून जास्त मानधन घेणाऱ्यांची नावं जाहीर करा. जुलै 2017 मध्ये यादी आली आणि देशभर गहजब झाला. सगळ्यात वरचा निवेदक 22 लाख पौंडांच्या घरात होता, आणि यादीतले दोन तृतीयांश पुरुष होते. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असाच एकूण सूर होता. स्त्री-पुरुष मानधनातली तफावत त्यामुळे उघडी पडली, हे उत्तमच झालं. पण खासगी वाहिन्यांच्या तारकांची अशी यादी कधी निघालीच नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल असा संताप व्हायला जागाच नव्हती. तिथे तेवढंच किंवा जास्त मानधन ‘बाजारभाव’ ठरतं. आयर्लंडमध्ये 2023 साली हेच आणखी कडू रूपात दिसलं. आरटीई या सार्वजनिक वाहिनीने आपल्या सर्वांत नामवंत निवेदकाचं मानधन सहा वर्षं कमी करून दाखवलं होतं. एकूण फरक 3 लाख 45 हजार युरोंचा होता. प्रकरण बाहेर आलं तशी लोकांनी लायसन्स फी भरणंच थांबवायला सुरुवात केली आणि वसुली लक्षणीय घसरली. खासगी वाहिनीत असा घोळ झाला असता तर भागधारक चिडले असते. प्रेक्षकाने फार तर बातमी वाचून पान उलटलं असतं.

आता पैसे देण्याच्या तयारीकडे येऊ. ‘तुम्ही बीबीसीसाठी किती पैसे द्याल?’ हा प्रश्न कागदावर विचारला की उत्तरं कंजूष येतात, कारण जे आपोआप मिळतं त्याची किंमत माणूस करत नाही. 2015 मध्ये बीबीसीने एका संशोधन संस्थेकडून वेगळाच प्रयोग करून घेतला. सत्तर घरं निवडली. त्यातल्या 48 घरांनी आधीच सांगितलं होतं की आम्हाला एकतर फी द्यायचीच नाही किंवा कमी द्यायची आहे. सगळ्यांनी नऊ दिवस बीबीसीचं काहीही पाहायचं-ऐकायचं नाही असं ठरलं: टीव्ही नाही, रेडिओ नाही, वेबसाइट नाही. बदल्यात त्यांना नऊ दिवसांची फी परत दिली गेली. ती रक्कम होती 3 पौंड 60 पेन्स. नऊ दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला तेव्हा त्या 48 पैकी 33 घरांनी मत बदललं आणि पूर्ण फी द्यायची तयारी दाखवली. 2022 मध्ये प्रयोग पुन्हा केला, निष्कर्ष साधारण तसाच आला.

हा प्रयोग मला आवडतो, पण तो उद्धृत करणाऱ्यांनी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे पैसे बीबीसीचेच होते. प्रयोग चोख असला तरी नकोसा निकाल आला असता तर तो एवढ्या उत्साहाने प्रसिद्ध झाला असता का, हा प्रश्न राहतोच. (अमेरिकेत पीबीएस ही सार्वजनिक वाहिनी वर्षानुवर्षं ‘देशातली सर्वांत विश्वासार्ह संस्था’ असल्याचं सर्वेक्षण जाहीर करते. तेही तिनेच करवून घेतलेलं असतं.) दुसरं असं की हातातली वस्तू काढून घेतली की तिची किंमत वाढतेच. नऊ दिवस खासगी वाहिन्या बंद केल्या असत्या तर लोक त्यांनाही मुकले असतेच, आणि ती तुलना त्या प्रयोगात नव्हती. तरीही एक गोष्ट ठामपणे सिद्ध होते: सकाळचा रेडिओ, हवामान, मुलांचे कार्यक्रम, वेबसाइटवरच्या पाककृती हे सगळं एकाच संस्थेचं आहे, हे त्या घरांना ते बंद झाल्यावर जाणवलं. फीला विरोध करताना त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त एक टीव्ही चॅनेल होतं.

सर्वेक्षणाबाहेर, खऱ्या आयुष्यातही असं घडलं आहे. स्वित्झर्लंडमध्ये 4 मार्च 2018 रोजी फी रद्द करावी का यावर सार्वमत झालं. फी वर्षाला 451 फ्रँक होती, म्हणजे जगातल्या सर्वांत महागड्यांपैकी. तरी 71.6 टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. सरकारने फी 365 फ्रँकवर आणण्याचं आधीच जाहीर करून टाकलं होतं, त्याचा परिणाम झालाच असणार. पण ‘कमी करा’ म्हणणं आणि ‘बंद करा’ म्हणणं यांत किती मोठं अंतर आहे, ते त्या दिवशी दिसलं. ग्रीसमध्ये तर विचारलंच नाही. 11 जून 2013 रोजी सरकारी प्रवक्त्याने संध्याकाळी जाहीर केलं की ईआरटी ही सार्वजनिक वाहिनी उधळपट्टीचं आगर झाली आहे, आजच बंद करतो. प्रवक्ता स्वतः पूर्वी तिथेच पत्रकार होता. मध्यरात्रीच्या आधी पडदे काळे झाले. ईआरटीबद्दल लोकांचं मत त्याआधी काही फार चांगलं नव्हतं. राजकीय वशिल्याच्या नेमणुका हा जुना आरोप होता आणि तो निराधारही नव्हता. वीजबिलातून महिन्याला 4 युरो 30 सेंट कापले जात, त्यावर कुरकुर होती. पण पडदा काळा होताच लोक मुख्यालयाबाहेर जमले, कर्मचाऱ्यांनी इंटरनेटवरून प्रसारण चालू ठेवलं, आणि सत्तेतला एक घटक पक्ष सरकारमधून बाहेर पडला. दोन वर्षांनी, 2015च्या जूनमध्ये, ईआरटी त्याच नावाने परत सुरू झाली. जमलेल्यांपैकी किती जण तिचे नियमित प्रेक्षक होते, याबद्दल मला शंका आहे. पण न पाहणाऱ्यालाही ती असावी असं वाटू शकतं, आणि ते वाटणं मीटरमध्ये उमटत नाही.

आता विश्वासाकडे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, या न्यायाने लोक दोन्हीकडे संशयाने पाहतात: सार्वजनिक वाहिनी सरकारची टाळी वाजवणार, खासगी वाहिनी जाहिरातदाराची. दोन्ही संशयांना इतिहासात भरपूर आधार आहे. अमेरिकेत 1950च्या दशकात प्रश्नमंजूषेच्या लोकप्रिय कार्यक्रमांत स्पर्धकांना उत्तरं आधीच पढवली जात होती. प्रायोजकाला रंगतदार सामना हवा होता. 1959 मध्ये एका गाजलेल्या विजेत्याने संसदीय समितीपुढे ते कबूल केलं. दोन वर्षांनी नियामक मंडळाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी व्यावसायिक टीव्हीला ‘विस्तीर्ण ओसाड माळरान’ म्हटलं, आणि 1967 मध्ये सार्वजनिक प्रसारणाचा कायदा झाला. दुसऱ्या बाजूला हंगेरी पाहा. 2010 नंतर तिथली सार्वजनिक माध्यमं एका छत्राखाली आणली गेली आणि बातम्या उघडपणे सरकारकडे झुकल्या. तिथे चित्र उलटं आहे, खासगी आरटीएलवर लोकांचा विश्वास सार्वजनिक वाहिनीपेक्षा जास्त आहे. म्हणून ‘सार्वजनिक वाहिन्या जास्त विश्वासार्ह असतात’ हे वाक्य देशाचं नाव घेतल्याशिवाय कुणी म्हटलं की मी सावध होतो.

खासगी वाहिनीच्या बाबतीत लोकांचा संशय एका ठिकाणी चुकीच्या माणसावर जातो. सगळ्यांना वाटतं की मालक आणि जाहिरातदार बातम्या वाकवतात. वाकवतातही. पण प्रेक्षकाची भीती त्याहून मोठी असू शकते. 2020च्या अमेरिकी निवडणुकीनंतर फॉक्स न्यूजवर मतदानयंत्रांबद्दल खोटे दावे प्रसारित झाले. यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने खटला भरला, आणि एप्रिल 2023 मध्ये फॉक्सने 78 कोटी 75 लाख डॉलर देऊन तो मिटवला. खटल्यात बाहेर आलेल्या संदेशांतून दिसलं की पडद्यावरच्या कित्येकांचा त्या दाव्यांवर स्वतःचाच विश्वास नव्हता. वाहिनीच्याच एका वार्ताहर बाईने ट्विटरवर तथ्य मांडलं, तेव्हा एका बड्या निवेदकाने तिला काढून टाका असा संदेश सहकाऱ्यांना पाठवला. शेअरचा भाव पडतोय, हे कारणही त्यात होतं. प्रेक्षक दुसऱ्या चॅनेलवर जातील ही धास्ती त्यामागे होती. आपल्याला आवडेल तेच सांगितलं जातंय, याचा राग कुणाला येत नाही. म्हणून सर्वेक्षणात त्याची नोंद ‘पक्षपात’ म्हणून होत नाही, ‘विश्वास’ म्हणून होते.

‘ही वाहिनी पक्षपाती आहे’ या तक्रारीबद्दलही थोडं सांगतो. 1985 मध्ये स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 1982 मध्ये बैरूतमध्ये झालेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्यांच्या त्याच चित्रफिती त्यांनी इस्रायल-समर्थक आणि अरब-समर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गटांचं म्हणणं एकच: बातमी आमच्या विरोधात झुकलेली आहे. ज्या वाहिनीने सगळ्यांसाठी बोलायचं असतं, तिला असे दोन्हीकडून फटके जास्त बसतात. ‘दोन्ही बाजू शिव्या देतात म्हणजे आमचं बरोबर आहे’ ही सार्वजनिक वाहिन्यांच्या संपादकांची आवडती पळवाट मात्र मला मान्य नाही. दोन्ही बाजू शिव्या देत असताना बातमी खरोखरच चुकलेलीही असू शकते. नोव्हेंबर 2025 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या भाषणाचे वेगवेगळे तुकडे जोडून दाखवल्यावरून बीबीसीच्या महासंचालकांना आणि वृत्तविभागाच्या प्रमुखांना पायउतार व्हावं लागलं, तेव्हा ती पळवाट कामाची नव्हती.

कुठली वाहिनी कुणाच्या पैशावर चालते, हे लोकांना मुळात माहीत असतं का? फारसं नाही. ब्रिटनचं चॅनेल 4 सरकारी मालकीचं आहे, पण 1982 पासून ते जाहिरातींवर चालतं. नोव्हेंबर 2021 मध्ये तेव्हाच्या संस्कृती मंत्री नादीन डॉरिस संसदीय समितीपुढे चॅनेल 4ला सार्वजनिक पैसा मिळतो असं बोलून गेल्या आणि समितीतल्या सदस्याला ते दुरुस्त करावं लागलं. ज्यांच्या खात्यात वाहिनी विकण्याचा विचार चालू होता त्यांचीच ही गत, तर प्रेक्षकाला काय दोष देणार? न्यूझीलंडची टीव्हीएनझेड सरकारची आहे, पण कमाई मुख्यतः जाहिरातींची. भारतात दूरदर्शनवर 1976 पासून जाहिराती आहेत आणि सरकारी अनुदानही आहे. जर्मनीत एआरडी आणि झेडडीएफ या सार्वजनिक वाहिन्या घरटी 18 युरो 36 सेंट मासिक वर्गणीवर चालतात, शिवाय रात्री आठच्या आधी थोड्या जाहिरातीही दाखवतात. ‘सार्वजनिक की खासगी’ हा प्रश्न आपण दोन खोक्यांत विचारतो, आणि उत्तर देणारा ‘जाहिराती दिसतात का’ यावरून अंदाज बांधतो.

त्यामुळे मला कुणी विचारलं की एखाद्या वाहिनीवर किती भरवसा ठेवावा, तर पैसा करातून येतो की जाहिरातीतून, हे मी दुसऱ्या क्रमांकावर विचारतो. पहिल्यांदा विचारतो: प्रमुखाला कोण नेमतं, कोण काढू शकतं, आणि पैशाचा आकडा कोण, किती वर्षांसाठी ठरवतं? जर्मनीत एक स्वतंत्र आयोग रकमेची शिफारस करतो. 2020च्या अखेरीस एका राज्याने वाढ अडवली तेव्हा 2021 मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती लागू केली. अमेरिकेत जुलै 2025 मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, सार्वजनिक प्रसारणाचे आधीच मंजूर केलेले सुमारे 110 कोटी डॉलर एका विधेयकाने परत घेतले. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कने फी रद्द करून पैसा करांतून द्यायला सुरुवात केली, फ्रान्सने 2022 मध्ये 138 युरोंची फी रद्द केली. दारावरचं भांडण संपलं, लोक खूश झाले. पण तिजोरीची किल्ली अर्थसंकल्प लिहिणाऱ्यांच्या आणखी जवळ गेली, आणि तेव्हापासून त्या वाहिन्यांबद्दलची कुरकुर कमी ऐकू येते म्हणून त्यांची स्थिती सुधारली असं मी तरी मानत नाही.

प्रश्नकर्त्याला एक काम सुचवतो. पुढच्या वेळी असं सर्वेक्षण हाती आलं की निष्कर्षाच्या आधी प्रश्नाचे मूळ शब्द शोधा. ‘विश्वास’ विचारला होता की ‘महत्त्व’? वाहिनीचं नाव घेऊन विचारलं होतं की प्रकाराचं? फीची रक्कम वर्षाची सांगितली होती की दिवसाची? ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सार्वजनिक वाहिनीने 1980च्या दशकात ‘दिवसाला आठ सेंट’ अशी मोहीम चालवली होती, ती उगीच नाही. वर्षाचा आकडा डोळ्यांत भरतो, दिवसाचा चिल्लर वाटतो, आणि पैसा तोच असतो.

आता तर एक नवीनच गुंता झाला आहे. सार्वजनिक वाहिनीने पैसा घालून बनवलेली मालिका काही वर्षांनी स्ट्रीमिंगवर जाते, आणि ती तिथे पाहणारा पंचविशीतला प्रेक्षक ‘कुणाची मालिका?’ या प्रश्नाला स्ट्रीमिंग कंपनीचं नाव देतो. त्याच्या घरातल्या लायसन्स फीतून ती बनली, हे त्याच्या गावीही नसतं, आणि तोच पुढच्या प्रश्नाला ‘सार्वजनिक वाहिनीवर माझ्यासाठी काही नसतं’ या पर्यायावर खूण करतो. ब्रिटनने 2024च्या माध्यम कायद्यात स्मार्ट टीव्हीवर सार्वजनिक वाहिन्यांची अ‍ॅप्स ठळक जागी दिसावीत अशी तरतूद केली आहे. पण दुसऱ्याच्या अ‍ॅपमध्ये पाहिलेल्या मालिकेचं श्रेय त्यामुळे परत येत नाही. म्हणून हल्ली मी प्रश्नावलीत ‘तुम्ही कुठली वाहिनी पाहता?’ याच्या आधी कार्यक्रमांची यादी ठेवतो, आणि प्रत्येकासमोर ‘हा कुणी बनवला असं तुम्हाला वाटतं?’ हा रकाना जोडतो.